एक वाजून आठ मिनिटांची सावली

१

हान्द्रीचा दिवस कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. लिप्याने नावाच्या गावापलीकडे पूर्वी कोळशाची खाण होती. ती बुजवली, वर माती पसरली आणि त्या मातीवर बारा मेगावॉटचं सौर वीज केंद्र उभं राहिलं. तेव्हापासून बारा वर्षं हान्द्री त्याची देखभाल करत होता. काम म्हणाल तर साधं. काचा बघायच्या, तारा बघायच्या, आणि बाकीचा वेळ केबिनमध्ये बसून आकडे बघायचे.

निळ्या तावदानांच्या लांबच लांब रांगा होत्या. प्रत्येक रांगेत तावदानं दोन ओळींत बसवलेली, एक खालची ओळ, एक वरची. खालच्या ओळीतली तावदानं एकाला एक जोडून एक साखळी केलेली, वरच्या ओळीची दुसरी साखळी. दर मिनिटाला प्रत्येक साखळी आपली वीज किती ते पडद्यावर सांगायची. एका तावदानावर जरी सावली पडली तरी अख्खी साखळी नरम पडायची. हान्द्रीला या साखळ्या आवडायच्या. त्या लपवाछपवी करत नसत, आणि हान्द्री मुळातच संशयी स्वभावाचा माणूस होता.

तावदानांखालचं गवत कापायला यंत्र नव्हतं, मेंढ्या होत्या. मेंढ्या त्याच्या बायकोच्या, वोर्शाच्या. नवरा ऊन राखतो आणि बायको गवत, असं गावातले लोक दोघांना चिडवायचे, आणि हान्द्रीला ते चिडवणं मनातून आवडायचं.

दुपारी चर्चच्या घंटेचे बारा ठोके पडले की वोर्शा मेंढ्या कुंपणापाशी सोडून केबिनमध्ये यायची. बारा ते एक शेतात थांबायचं नाही, ही लिप्यान्यातली जुनी रीत. हान्द्रीची आई घंटा ऐकली की हातातली कुदळ जागच्या जागी टाकायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि यानं कधी विचारलं नाही. आता निम्मं गाव शहरात कामाला जातं, तरी बाराला शेतं रिकामी होतात. दोघं मिळून उकडलेले बटाटे, चक्का आणि वरून जवसाचं तेल असं जेवायचे. एकचा ठोका पडला की वोर्शा पुन्हा मेंढ्यांकडे.

सव्वीस वर्षांचा संसार होता. बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, पण सोबत जेवणं होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकतिसाव्या रांगेची खालची साखळी नरम पडली. वेळ, दुपारी एक वाजून आठ मिनिटं.

२

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, पक्ष्यानं घाण केली असेल. संध्याकाळी बादली आणि फडकं घेऊन तो गेला. काच लख्ख होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक वाजून आठला आकडा खाली, दोन वाजून गेले की पुन्हा जागेवर. तिसऱ्या दिवशीही.

घाण अशी घड्याळ लावून येत नाही. सावलीच असणार. दुपारच्या उन्हात सावली जेमतेम हात-दीड हात पडते, म्हणजे कुणीतरी तावदानाला अगदी खेटून उभं राहत होतं. आणि त्या बाजूला त्या वेळी एकच माणूस असायचं.

"एकतीस नंबरपाशी उभी असतेस का गं दुपारची?" त्यानं रात्री जेवताना विचारलं.

"असेन. मेंढ्या असतील तिथं मी," वोर्शा म्हणाली.

"तासभर? एका जागी?"

"तुला काय आता माझ्या उभं राहण्याचाही हिशोब हवाय?" असं म्हणून तिनं ताटल्या उचलल्या. तिचा आवाज बसलेला होता. सर्दी झाली असेल, असं हान्द्रीला वाटलं.

चौथ्या दिवशी खालच्या साखळीबरोबर वरचीही नरम पडली.

हान्द्री पडद्याकडे बघत राहिला. वोर्शा बुटकी बाई. ती टाचा उंचावून उभी राहिली तरी भर दुपारी तिची सावली वरच्या ओळीला शिवणार नाही. म्हणजे तिच्या शेजारी दुसरं कुणीतरी होतं. तिच्यापेक्षा उंच.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्या पालीला नावही लगेच सापडलं. फाल्को.

फाल्को कंपनीच्या लायपझिगच्या कचेरीतला इंजिनीअर. महिन्याभरापूर्वी तपासणीला आला होता आणि गावातल्या खानावळीच्या माडीवर खोली घेऊन राहिला होता. वय चाळिशीचं, उंची जवळपास दोन मीटर, दात पांढरे शुभ्र. तो बोलायला लागला की खानावळीतल्या म्हाताऱ्याही केस नीट करायच्या. पहिल्याच दिवशी त्यानं केबिनच्या दारात डोकं आपटून घेतलं आणि म्हणाला, "वोर्शाबाई, हे दार तुमच्या मापानं केलंय की मेंढ्यांच्या?" यावर वोर्शा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. हान्द्रीच्या विनोदावर ती शेवटची कधी हसली, ते त्यालाच आठवेना. ते हसणं त्याच्या डोळ्यांत तेव्हाच खुपलं होतं.

३

आवाज बसला तो बसलाच. रोज संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या घशातून नुसती खरखर निघायची. रात्रभर गरम दूध, मध, गळ्याभोवती लोकरी पट्टा. सकाळी थोडा सुटायचा, संध्याकाळी पुन्हा बसलेला.

मेंढ्यांशी कुणी इतकं बोलत नाही.

हान्द्रीचा जळफळाट व्हायचा तो याच गोष्टीचा. कुणी तिचा हात धरला असता तर त्याला राग आला असता, पण हे वेगळंच होतं. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारी बाई कुणासाठी तरी तासभर, घसा फुटेपर्यंत बोलत होती. सव्वीस वर्षांत त्याच्या वाट्याला जे आलं नाही, ते ती दुसऱ्याच्या पदरात ओतत होती. काय बोलत असेल? त्याच्याबद्दल बोलत असेल का? दोघं त्याला हसत असतील का?

ती झोपली की तो तिचा सदरा हुंगून बघायचा. लोकरीचा वास, गवताचा वास, आणि तापलेल्या काचेचा. पुरुषाचा वास काही यायचा नाही. त्यानं त्याचं समाधान होण्याऐवजी राग वाढायचा.

"डॉक्टरला दाखव," एकदा तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणेल बोलू नकोस."

"मग नको बोलूस!"

वोर्शानं त्याच्याकडे बघितलं. "ते माझ्या हातात नाही, हान्द्री," ती म्हणाली.

४

आणि मग तिनं एक अजब गोष्ट सुरू केली. ती त्याला त्याच्या कामाबद्दल विचारू लागली.

"उन्हाची वीज कशी होते रे? अगदी सुरुवातीपासून सांग. काही गाळू नकोस."

हान्द्री हरखून गेला. बारा वर्षांत कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. त्यानं काकडीच्या लोणच्याची बरणी मधोमध ठेवली, बटाटे मांडले आणि सांगायला सुरुवात केली. काचेखाली वाळूपासून केलेल्या पातळ चकत्या असतात. त्यांना दोन थर असतात. ऊन पडलं की आतले बारीक कण धक्का खाऊन मोकळे होतात. मधलं दार एकाच बाजूला उघडणारं, त्यामुळे एकदा पलीकडे गेलेला कण आल्या वाटेनं परत येऊ शकत नाही. "आमच्या आत्यासारखा," हान्द्री म्हणाला, "घरात शिरली की परत जायचं नाव नाही." परत यायचं तर बाहेरून, तारेतून वळसा घालून. हा वळसा म्हणजेच वीज.

वोर्शा लक्ष देऊन ऐकायची. ओठ हलवून मनात घोकायची. मधेच म्हणायची, "थांब, चकत्या आधी की काच आधी?" दुसऱ्या दिवशी पुढचं. चांदीच्या बारीक रेघा वीज गोळा कशी करतात. साखळ्यांतून ती इन्व्हर्टरमध्ये कशी येते, तिथे एका सरळ दिशेनं जाणाऱ्या विजेला सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे कसं नाचवतात.

चार संध्याकाळी त्याला वाटत राहिलं की आपली बायको आपल्याला परत मिळाली. पाचव्या संध्याकाळी त्याचे डोळे उघडले.

ती स्वतःसाठी शिकत नव्हती. पाठ करत होती. कुणाला तरी ऐकवायला. तो इंजिनीअर, ही मेंढपाळीण. त्याच्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून नवऱ्याकडून धडे घ्यायचे! हान्द्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कोणाला सांगतेस हे सगळं?" त्यानं विचारलं.

तिनं मान खाली घातली. "माझं बाकीचं सगळं सांगून संपलं," ती अगदी हळू म्हणाली. "जवस पेरण्यापासून तेल गाळण्यापर्यंत सांगितलं. लोकर सांगितली. ईस्टरची अंडी रंगवायला हंसाचं पीस कसं कातरायचं, मेण कसं तापवायचं, तेही झालं. आता मला दुसरं काही येत नाही रे."

"आणि तो ऐकत बसतो?"

"सगळं ऐकून घेतं," वोर्शा म्हणाली. "पण एकदा सांगितलेलं पुन्हा चालत नाही."

ती 'घेतो' म्हणाली नाही, 'घेतं' म्हणाली. रागाच्या भरात हान्द्रीच्या कानावरून ते तसंच गेलं.

"उद्यापासून जायचं नाही तिकडे."

"नाही गेले तर घरी येईल."

"येऊ दे! बघतोच, माझ्या घराचा उंबरठा कसा ओलांडतो ते!"

वोर्शाचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "एवढंच सांग. इन्व्हर्टरच्या पुढे वीज हिरव्या पेटीत जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये. तिथं तिचा दाब वाढवतात, वीस हजारापर्यंत. मग? पुढे काय होतं? मी तिथपर्यंत आलेय. उद्याला मला पुरणार नाही."

हान्द्रीला पुढचं सगळं येत होतं. पुढची तार, उपकेंद्र, गावातले खांब, थेट या स्वयंपाकघरातल्या दिव्यापर्यंतचं. तो तासन्‌तास सांगू शकला असता.

"त्यालाच विचार," तो म्हणाला आणि हात सोडवून झोपायला गेला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी वोर्शा जेवली नाही. एकचा ठोका पडल्यावर बाहेर पडली, तेव्हा दारात क्षणभर थांबली. हान्द्रीनं वर बघितलं नाही. तो मनात योजना आखत होता. पडद्यावर आकडा पडला की लगेच निघायचं आणि दोघांना रंगेहाथ पकडायचं.

एक वाजून पाच मिनिटांनी केबिनचं दार उघडलं आणि फाल्को वाकून आत आला.

"काय हान्द्रीसाहेब, चेहरा का असा? दही आंबट निघालं का?" तो म्हणाला आणि सफरचंद खात खुर्चीत बसला. "सोमवारपासून लायपझिगला होतो. इथलं ऊन आठवत होतं बघा."

"सोमवारपासून?" हान्द्रीनं विचारलं. त्या दिवशी शुक्रवार होता.

"मुलीचं नाटक होतं शाळेत. झाड झाली होती ती. फार छान उभी राहिली." फाल्को हसला आणि पडद्याकडे वळला. "आता बघा, एक वाजून आठ. सूर्य बरोबर डोक्यावर. उन्हाळ्यात आपण घड्याळं तासभर पुढे ढकलतो ना, म्हणून एक म्हणायचं. पण सूर्याचे खरे बारा आत्ता वाजतायत."

पडद्यावर एकतिसाव्या रांगेची खालची साखळी नरम पडली. मग वरची.

फाल्कोच्या हातात सफरचंद होतं. त्याचे लांब पाय टेबलाखाली मावत नव्हते. तो इथे होता.

"हे काय?" फाल्को पुढे सरकला. "वरची कशी पडली? या वेळी तिथपर्यंत सावली पडायची तर माणूस चार मीटर उंच हवा." तो पुन्हा हसला. "आमच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये घ्या बरं त्याला."

एखाद्या शहाण्या माणसाला तिथेच घाम फुटला असता. हान्द्रीला फुटला नाही. त्याच्या मत्सराचं फक्त नाव पुसलं गेलं, बाकी तो होता तसाच राहिला. फाल्को नाही तर दुसरा कुणीतरी. शिडीवर चढून बसत असेल. छत्री धरत असेल. काहीतरी असणारच, आणि ते जे काही असेल त्याच्याशी त्याची बायको बोलत होती.

टोपी न घालताच तो बाहेर पडला.

६

रांगांमधून चालताना ऊन वरून आणि काचांवरून असं दोन्हीकडून लागत होतं. विसाव्या रांगेपर्यंत इन्व्हर्टरची घरघर ऐकू येत होती. पंचविसाव्या रांगेपुढे ती ऐकू येईनाशी झाली. हान्द्री थांबला. यंत्र बंद पडलं असतं तर खिशातला फोन वाजला असता. फोन वाजला नव्हता. त्यानं मनाशी म्हटलं, वारा पडलाय, म्हणून. वाऱ्याचा आणि घरघरीचा काय संबंध, ते त्यानं मनालाही विचारलं नाही.

तिसाव्या रांगेपाशी मेंढ्या होत्या. एकही चरत नव्हती. सगळ्या एकाच दिशेला पाठ करून, माना खाली घालून उभ्या होत्या.

मग वोर्शाचा आवाज आला. फाटलेला, घोगरा, न थांबणारा.

"...आणि मधलं दार एकाच बाजूला उघडतं, आमच्या आत्यासारखं, म्हणून कण परत येत नाही... हे सांगितलं, हो, सांगितलं मी... मग हिरव्या पेटीत येते. तिथं तिचा दाब वाढवतात. वीस हजार. पेटी... पेटी हिरवी असते. पेटीला दोन कुलपं असतात. एक पितळेचं. एक... एक लोखंडाचं. पेटीवर पिवळी पाटी असते. पाटीला चार स्क्रू असतात..."

ते त्याचे शब्द होते. त्याच्या आत्याचा विनोदसुद्धा. त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या टेबलावर, त्यानं फक्त तिच्यासाठी केलेला विनोद ती दुसऱ्याला देऊन मोकळी झाली होती! हान्द्रीच्या डोळ्यांपुढे लाल झालं. तो रांगेच्या टोकाला वळसा घालून पुढे गेला.

वोर्शा एकटी उभी होती. सूर्याकडे पाठ, तोंड काचेकडे. तिचे ओठ फुटले होते. तिनं त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं आणि बोलणं न थांबवता एक हात पाठीमागे नेऊन जोरजोरात हलवला. जा. जा.

त्यानं त्या हाताचा अर्थ नेमका उलटा लावला.

"कोणाशी बोलतेस?" तो ओरडला.

"...स्क्रू चार असतात, एक गंजलेला, एक..."

"वोर्शा! मी विचारतोय! उत्तर दे!"

सव्वीस वर्षं त्यानं हाक मारली की तिनं ओ दिली होती. अंगात मुरलेली सवय होती ती. तिची मान वळली.

"हान्द्री..." ती म्हणाली.

आणि थांबली.

ती शांतता किती वेळ होती, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्याला काच दिसत होती. खालच्या ओळीवर वोर्शाची आखूड सावली होती. तिच्या शेजारून दुसरी सावली निघून सरळ वरच्या काठापर्यंत गेली होती. ती जिथून पडायला हवी, त्या जागी नुसतं गवत होतं. गवत दबलेलंही नव्हतं.

मग ती उंच सावली कमरेतून वाकली. कमी ऐकू येणारी म्हातारी माणसं वाकतात तशी, सावकाश, वोर्शाच्या डोक्याच्या सावलीपर्यंत.

७

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उन्हाचा झटका आहे, मेंदूला सूज आलीय. जीव वाचला. वाचा गेली. आणि तो उन्हाळाही तिच्या डोक्यातून पुसला गेला. तिला मे महिन्यात लोकर कातरल्याचं आठवत होतं, त्यानंतरचं काहीच नाही.

हान्द्री तिच्या खाटेशी बसून रडला. आता ती कुणाशीच बोलणार नव्हती. त्याला हेच हवं होतं ना?

बारा ते एक शेतात थांबायचं नाही. आई पाळायची ते सूर्याचे बारा. घड्याळ तासभर पुढे गेलं, घंटा घड्याळाबरोबर गेली, सगळं गाव घंटेबरोबर गेलं. खऱ्या बाराला सगळे पुन्हा शेतात. आणि खरे बारा कधी वाजतात ते रोज पडद्यावर बघणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता. त्यानंच बायकोला रोज एक वाजता, जेवण झाल्यावर, हात हलवून निरोप दिला होता.

तो कामावर गेला. मंगळवारी एक वाजून आठला एकतिसावी रांग नरम पडली. फक्त वरची साखळी. बुधवारी एकतीस ठीक होती, सव्विसावी पडली. गुरुवारी एकोणिसावी. शुक्रवारी अकरावी.

पहिली रांग केबिनजवळ होती, आणि केबिनमागच्या रस्त्यानं घर पाच मिनिटांवर.

शनिवारी वोर्शाला घरी सोडणार होते. त्या शनिवारी एकला पाच कमी असताना हान्द्री एकतिसाव्या रांगेपाशी जाऊन उभा राहिला. सूर्याकडे पाठ, तोंड काचेकडे. घरघर बंद झाली. काचेवर त्याच्या सावलीशेजारी दुसरी आली. त्यानं घसा खाकरला.

"ट्रान्सफॉर्मरपर्यंतचं झालंय," तो म्हणाला. "त्याच्या पुढचं सांगतो. पेटीतून तीन तारा निघतात..."

८

त्याला पुष्कळ येत होतं. उपकेंद्र सांगून झालं, खांब सांगून झाले, मग कोळशाची वीज, जी त्याचा बाप करायचा. ती ऑगस्टभर पुरली. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचा आवाज बसलेला असायचा. गरम दूध, मध, गळ्याभोवती तिचाच लोकरी पट्टा.

वोर्शा खुर्चीत बसून बघायची. इस्पितळातून लिहायला दिलेल्या पांढऱ्या फळ्याच्या पेनाचा वास तिला सोसेना, म्हणून तिनं माळ्यावरून शाळेतली जुनी पाटी काढली होती. एका संध्याकाळी तिनं पाटीवर लिहिलं, 'आवाज का बसतो?'

"सर्दी झालीय," हान्द्री म्हणाला.

'एक ते दोन कुठे असतोस? केबिनमधला फोन वाजत राहतो. शेवटी उचलतोस, पण तुझा आवाज येत नाही, मग मी ठेवते.'

त्या वेळेत त्यानं फोन उचललाच नव्हता.

'कोणाशी बोलतोस?' तिनं लिहिलं आणि त्या शब्दांखाली रेघ मारली.

सांगावं का? सांगितलं तर ती येणार. तिला तो सव्वीस वर्षं ओळखत होता. ती येऊन त्याच्या जागी उभी राहणार. आणि आता तिच्याकडे सांगायला आवाजही नव्हता.

"कोणाशी नाही," तो म्हणाला.

तिनं पाटी पुसली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्यानं लगेच ओळखलं. जुलैत तो ते रोज दाढी करताना आरशात बघायचा. त्या रात्री अर्धवट झोपेत त्याला जाणवलं की वोर्शा खुर्चीवर टाकलेला त्याचा सदरा उचलून नाकाशी धरते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काचेसमोर उभा होता. सांगायचं संपत आलं होतं. तो आता आईच्या हातचा पाव सांगत होता, आंबवण कसं ठेवायचं, पीठ किती वेळ मळायचं, हळूहळू, एकेक गोष्ट ताणून. सप्टेंबरचं ऊन उतरायला लागलं होतं आणि सावल्या थोड्या लांबल्या होत्या. तास संपायला अजून वीस मिनिटं बाकी होती.

मेंढ्यांच्या पलीकडे गवतात पावलं वाजली. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. वोर्शा येत होती. इस्पितळातून आल्यापासून ती प्रथमच घराबाहेर पडली होती. पायात बूट, डोक्याला रुमाल, छातीशी पाटी.

"...मग पीठ झाकून ठेवायचं," हान्द्री म्हणाला आणि एक हात पाठीमागे नेऊन जोरजोरात हलवला. जा. जा. "चुलीजवळ ठेवायचं, पण फार जवळ नाही..."

ती थांबली नाही. रांगेच्या टोकाला वळसा घालून ती पुढे आली आणि त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली. काचेवर तिसरी सावली पडली, आखूड. त्याच्या शेजारच्या उंच सावलीनं मान वळवली.

"फडकं ओलं हवं," हान्द्रीचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, "फडकं... सुती हवं... पांढरं..."

वोर्शानं कालच्याच प्रश्नाची पाटी त्याच्यासमोर धरली आणि उत्तरासाठी तिच्यावर खडूनं टकटक केली.